गाणं पाठ झालं, वाचनाचं काय?

दुसरीच्या मुलांना गाणं शिकवायला कष्ट पडत नाहीत. दोनदा म्हणून दाखवलं की तिसऱ्या वेळी वर्ग आपल्याआधी पुढच्या ओळीवर पोचलेला असतो. कष्ट सुरू होतात ते त्याच गाण्याचा कागद मुलांपुढे ठेवल्यावर. बोट पहिल्या ओळीवर, तोंड चौथ्या ओळीत, डोळे खिडकीबाहेर, आणि आवाज मात्र खणखणीत. व्हरांड्यातून जाणाऱ्याला वाटावं, काय छान वाचतोय वर्ग!

गेलं सबंध वर्ष मी दुसरीच्या वर्गात वाचन-लेखनासाठी गाणं आणि ताल वापरला, त्याची ही हकीकत. माझी संगीताची शिदोरी फार नाही. लहानपणी थोडी पेटी शिकले, सुरात राहता येतं, केरवा-दादरा हे ताल हातावर धरता येतात. या कामाला तेवढं पुरतं. फार गाता येणाऱ्या शिक्षकाला गाणं सजवायचा मोह होतो, आणि मला तर गाणं मोडून त्याचे तुकडे मुलांच्या हातात द्यायचे होते.

वर्गात घडाघडा वाचणारी काही मुलं होती. त्यांना गाणं असलं काय, नसलं काय. काहींची स्मरणशक्ती इतकी दांडगी की धडा एकदा ऐकला की पुस्तक उलटं धरूनही ‘वाचतील’. आणि मोठा गट होता अक्षर-अक्षर सुटं वाचणाऱ्यांचा. ‘ब... स... ला...’ असं म्हणून थांबायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. तिन्ही अक्षरं बरोबर, शब्द गायब.

त्यात आपली लिपी. तीसच्या वर व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या आसपास रूपं, आणि वर जोडाक्षरं. 26 अक्षरं गिरवून झाली की सुटलो, असं इथे नाही. दुसरी-तिसरीतही मूल नवीन रूपं शिकतच असतं. बाराखडी चालीवर म्हणायची रीत जुनी आहे आणि ती वर्गात सगळ्यांना येत होती. पण फळ्यावर सुटा ‘कु’ काढून विचारला की ओठांची हालचाल सुरू व्हायची, ‘क का कि की’, आणि पाचव्या पायरीवर उत्तर यायचं. चालीने अक्षरं लक्षात राहिली होती, पण ओवलेली. एक मणी सुटा हवा तर अख्खी माळ फिरवावी लागत होती.

गाणं वापरणार म्हटल्यावर एका सहकाऱ्यांनी सुचवलं, मुलं लिहीत असताना मागे मंद वाद्यसंगीत लावा, मोझार्ट वगैरे. मेंदू तल्लख होतो म्हणे. या समजुतीचं मूळ 1993 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका छोट्या लेखात आहे. तो प्रयोग लहान मुलांवर नव्हताच, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर होता. त्यांच्याकडून करून घेतलेली कामंही कागदाच्या घड्या मनातल्या मनात घालून उत्तर काढण्यासारखी होती, वाचनाचा संबंध नव्हता. आणि परिणाम टिकला तो जेमतेम 10-15 मिनिटं. एवढ्याशा आधारावर जगभर तान्ह्या बाळांसाठी सीड्या खपल्या. मी पार्श्वसंगीत लावलं नाही. शुद्धलेखन घालताना मागच्या बाकांवर आधीच कुजबुज असते, त्यात आणखी एक आवाज कशाला?

पाठ्यपुस्तकातली गाणी मुलांना आधीच तोंडपाठ होती, त्यामुळे ती माझ्या उपयोगाची नव्हती. मग चार ओळी स्वतःच जुळवल्या. कविता म्हणून त्यांना काही किंमत नाही.

ढगात बसला काळा हत्ती,
सोंडेमध्ये भरले पाणी,
फवारले मग रानावरती,
बेडूक गाती ओली गाणी.

ओळीला 16 मात्रा, म्हणजे आठ मात्रांच्या केरव्याची दोन आवर्तनं. (शेवटच्या ओळीत एक खोट आहे, तिच्याकडे नंतर येते.) चाल भूप रागासारखी पाच स्वरांची आणि ‘सा’च्या खाली न उतरणारी. खालच्या स्वरांत लहान मुलांचा आवाज बसतो आणि मग निम्मा वर्ग गातो, निम्मा नुसता बोलतो. एका अक्षराला एकच स्वर. ताना, मुरक्या, ओढून धरणं काही नाही. हा नियम मी कटाक्षाने पाळला, कारण अक्षर आणि स्वर यांची जोडी फुटली की कागदावरच्या बोटाला कुठे थांबायचं ते कळत नाही.

गाणं आधी कागदाशिवाय शिकवलं, नुसतं ऐकून आणि टाळ्यांवर. मग शब्द काढून टाकले आणि त्यांच्या जागी बोल आणले: लघु, म्हणजे एका मात्रेच्या अक्षराला ‘त’, गुरूला, म्हणजे दोन मात्रांच्या अक्षराला ‘धा’; जोडाक्षराच्या आधीचं अक्षरही गुरूच. ‘ढगात’ म्हणजे त धा त. ‘बसला’ म्हणजे त त धा. ‘काळा हत्ती’ म्हणजे धा धा धा धा. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (1882–1967) यांच्या नावाने जी संगीतशिक्षणाची पद्धत ओळखली जाते, तीतही लयीला असेच ‘ता’, ‘ती-ती’ बोल असतात. आपल्या छंदशास्त्रवाल्यांनी तर ‘यमाताराजभानसलगं’ या दहा अक्षरांत आठही गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे लघु-गुरू क्रम, कोंबून ठेवले आहेत. त्या हिशेबाने ‘ढगात’ हा ज गण आणि ‘बसला’ हा स गण. मुलांना अर्थातच यातलं काही सांगितलं नाही. दुसरीच्या वर्गात गण शिकवणारे शिक्षक मी अजून पाहिलेले नाहीत, पाहायची हौसही नाही.

बोल म्हणता येऊ लागल्यावर वाक्यपट्ट्या काढल्या. जाड कागदावर एकेक ओळ, आणि त्याच ओळी पुन्हा शब्दाशब्दाला कापून. पट्ट्या फळ्याच्या कडेवर ओळीने मांडायच्या, मी मोजपट्टीचं टोक अक्षराखाली टेकत जायचं, वर्गाने त्या टेकीला गायचं. टेक थांबली की आवाज थांबला पाहिजे. हे जमायलाच बराच वेळ गेला. पाठ असलेल्या ओळीच्या मधोमध थांबणं मुलांच्या जिवावर येतं. मी थांबले तरी दोघं-तिघं उतारावरून आल्यासारखे पुढे जायचेच.

आणि मग एक दिवस, काही न बोलता, ‘हत्ती’ची पट्टी काढली आणि तिथे ‘बगळा’ ठेवला. बगळ्याच्याही मात्रा चारच, म्हणजे चाल अडखळायचं कारण नाही. नेहमीसारखी मोजपट्टी टेकत गेले. बरेच जण जोरात ‘काळा हत्ती’ म्हणून मोकळे झाले. काही जण ‘काळा’ म्हणून गप्प झाले. मोजक्या आवाजांत ‘बगळा’ ऐकू आला आणि पाठोपाठ एका मुलीची तक्रार, ‘‘बाई, बगळा काळा नसतो.’’

त्या दिवशी मला सगळ्यांत जास्त कळलं ते गप्प झालेल्यांकडून. बगळा त्यांना वाचता आला नव्हता, पण तिथे हत्ती नाही हे डोळ्यांनी टिपलं होतं. म्हणजे नजर कागदावर होती. जोरात हत्ती म्हणणाऱ्यांत वर्गातले उत्तम गाणारे होते, पालकसभेत ज्यांच्या ‘वाचना’चं कौतुक होतं असेही होते. परीक्षेने जे दाखवलं नसतं ते एका कागदाच्या तुकड्याने दाखवलं. तेव्हापासून ‘फसवी पट्टी’ हा रोजचा खेळ झाला. कधी शब्द बदललेला, कधी नुसता काना-वेलांटीचा फरक: ‘गाणी’चं ‘गाणे’, ‘काळा’चं ‘काळी’. फसायचं नाही म्हणून मुलं डोळे फाडून बघायला लागली, आणि मला दुसरं हवं होतं काय?

या खेळाला मागे आधार आहे. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी 1983 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेत जाण्याआधी यमक आणि आद्याक्षरांचे सारखे ध्वनी ओळखण्यात कच्ची असलेली 65 मुलं निवडून त्यांनी त्यांचे चार गट केले. एका गटाला चित्रांवरून सारख्या ध्वनीचे शब्द निवडायला शिकवलं. दुसऱ्याला तेच, पण जोडीला प्लॅस्टिकची अक्षरं हातात देऊन. तिसऱ्याने शब्दांची अर्थावरून वर्गवारी केली आणि चौथ्याला काहीच जादा शिकवणी नव्हती. दोन वर्षांत विभागलेल्या 40 बैठकांनंतर वाचन-लेखनात सगळ्यांत पुढे गेला तो दुसरा गट, कान आणि अक्षर दोन्ही मिळालेला. नुसत्या यमकांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे चौथ्या गटापर्यंत नीट वाचावं, असं मला नेहमी वाटतं.

आता त्या ‘ब... स... ला...’वाल्यांकडे. माझं वर्षभरातलं सगळ्यात आवडतं काम हेच.

‘बसला’ हा शब्द आपण बोलतो तो ‘बस्‌ला’ असा. दोन टाळ्या. लिहितो मात्र तीन अक्षरं. ‘बदक’ बोलताना ‘ब-दक्‌’ होतं, ‘ढगात’ बोलताना ‘ढ-गात्‌’. बोलण्यात गिळलेला हा ‘अ’ कागदावर पूर्ण अक्षर होऊन उभा असतो आणि सुटं वाचणारं मूल तो प्रामाणिकपणे उच्चारतं. त्यामुळे त्याच्याच तोंडून बाहेर पडलेला शब्द त्याच्या कानाला परका वाटतो. बसणं त्याला ठाऊक असतं. ‘ब, स, ला’ असं कुणी त्याच्याशी कधी बोललेलं नसतं.

गाण्यात तो ‘अ’ परत येतो. केरव्यात म्हणताना ‘स’ला स्वतःची मात्रा मिळते, ‘ढगात’मधला ‘त’ही पाय मोडल्यासारखा उच्चारला जात नाही. गायलेला शब्द लिहिलेल्या शब्दाच्या जवळ असतो आणि बोललेला त्याच्यापासून लांब. मग दोघांच्या मधलं अंतर कापायला लय होती. ओळ आधी ठाय, म्हणजे संथ लयीत: एका टेकीला एक अक्षर, ब-स-ला. मग जरा चढ्या लयीत. मग दुप्पट. दुप्पट लयीत ‘स’ आपोआप आखडतो आणि तोंडातून ‘बस्‌ला’ पडतं. मुलांना काही समजावून सांगावं लागत नाही, जिभेला वेळच उरत नाही.

गाण्यातल्या शब्दांवर हे जमलं म्हणून काही नवल नव्हतं, ते पाठच होते. म्हणून मी पुस्तकातल्या, कधी न गायलेल्या शब्दांवर तीच युक्ती करून घेतली, विनाचालीची, नुसत्या ठेक्याची. एक मुलगा ‘पळाला’ वाचायचा पण ‘पळतो’वर अडायचा, कारण ‘पळाला’त गिळायला काही नाही आणि ‘पळतो’चं ‘पळ्‌तो’ करावं लागतं. एकदा त्याच्यापुढे ‘उतरला’ आला. त्याने बोटाने बाकावर सावकाश ठेका दिला: उ-त-र-ला. काही नाही. पुन्हा, जरा भरभर. तरी काही नाही. तिसऱ्यांदा बोटं धावली आणि तो एकदम म्हणाला, ‘‘उतर्‌ला! खाली उतर्‌ला!’’ पुस्तकात ‘खाली’ नव्हतं. ते त्याच्या डोक्यातून आलं होतं, म्हणजे शब्द डोक्यापर्यंत पोचला होता.

या युक्तीला एक उलटी बाजू आहे. भरभर म्हणायची सवय लागलेली मुलं लिहितानाही ‘बस्ला’, ‘उतर्ला’ लिहायला लागतात. त्यामुळे वर्गात दोन नियम झाले: वाचताना भरभर, लिहिताना सावकाश. श्रुतलेखनाला मी शब्द बोलून सांगायच्याऐवजी ठाय लयीत म्हणून सांगायला लागले. मग मुलंही लिहिताना पुटपुटायला लागली. शांततेची आवड असलेल्यांनी हा प्रकार करू नये.

जोडाक्षरांत द्वित्ताला, म्हणजे एकाच अक्षराच्या जोडीला, तालाचा चांगला उपयोग झाला. ‘हत्ती’ऐवजी ‘हती’ लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात आणि त्यांना ‘त’ला ‘त’ जोडा असं कितीदा सांगितलं तरी ती ‘हती’च लिहितात, कारण त्यांच्या कानाला तिथे काही कमी वाटत नाही. ठेक्यावर मात्र कमी वाटतं. ‘हत्ती’ धा धा आहे. ‘हती’ म्हटलं की त धा होतं आणि ओळ एका मात्रेने लंगडते. मी मुद्दाम ‘काळा हती’ म्हणून दाखवलं तेव्हा वर्ग हसला. मग पता-पत्ता, कला-कल्ला, गला-गल्ला अशा जोड्या टाळ्यांवर घेतल्या. ‘पत्ता’ म्हणताना हात क्षणभर एकमेकांना चिकटून राहतात, ‘पता’त तसेच सुटतात. लिहिताना कुणी अडलं की शेजारचा नुसते हात चिकटवून दाखवायचा. ही खूण मी शिकवली नव्हती, त्यांनी आपसांत काढली.

भिन्न अक्षरांच्या जोडाक्षरांना, म्हणजे ‘प्र’, ‘र्क’, ‘क्ष’ यांना, तालाचा फारसा फायदा झाला नाही. ती डोळ्यांनीच शिकावी लागतात. रफार तर अजूनही चुकीच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो.

अनुस्वाराला गुणगुणणं कामी आलं. ‘सोंड’ म्हणताना ‘सों’वर थांबून ओठ मिटून नाकातला गुंजारव ऐकायचा, बोट नाकपुडीला लावून. बोट थरथरलं तर टिंब द्यायचं. सोड-सोंड, भाडे-भांडे, रग-रंग. सर्दीच्या दिवसांत हा धडा घेऊ नये, एवढंच.

आता ती शेवटच्या ओळीतली खोट. ‘बेडूक’ शब्दाच्या मात्रा पाच होतात: बे दोन, डू दोन, क एक. ठेक्यात जागा चारांचीच आहे. कवी अशा वेळी सरळ ‘बेडुक’ लिहितात, ‘पाऊस’चं ‘पाउस’ करतात, आणि कवितेत ते चालतं. पण मी फळ्यावर लिहिणार तेच मुलं वहीत लिहिणार, म्हणून पट्टीवर नियमाप्रमाणे ‘बेडूक’ लिहिलं आणि गाताना ‘डु’ दाबून म्हटला. कुणाच्या लक्षात येणार नाही असं वाटलं होतं. एक दिवस मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘बाई, डू तर लांब काढलाय. मग आपण आखूड का म्हणतो?’’

ऱ्हस्व-दीर्घ हा मोठ्यांनाही घाम फोडणारा विषय, आणि इथे सात वर्षांचं पोर डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं ताडून बघत होतं. गाणं तिथेच थांबवलं. बेडूक काढायचा आणि चार मात्रांचं दुसरं कुणी तरी आणायचं असं ठरलं. ‘मासे’ आले, पण मासे गात नाहीत म्हणून परत गेले. शेवटी बहुमताने ‘मैना’ ठरली. बेडकाची बाजू घेणारा एक जण दिवसभर फुगून होता. त्याच आठवड्यात फूल-फुलाला, मूल-मुलाला, बहीण-बहिणीला हे बोलांत बसवून पाहिलं: ‘फूल’ म्हणजे धा त, ‘फुलाला’ म्हणजे त धा धा. शब्दाच्या शेवटी ‘अ’ असला की त्याच्या आधीचा ‘इ’ किंवा ‘उ’ लांब आणि पुढे प्रत्यय आला की तो आखडतो, हा नियम पाठ करायला दिला असता तर कुणाला कळला नसता. ठेक्यात तो ऐकू येतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात बसत नाहीत, पण दुसरीत त्याची घाई नव्हती.

सहामाहीनंतर एक भलतंच दुखणं उपटलं. मुलं हेल काढून वाचायला लागली. गद्य उतारा असो, गणितातलं शाब्दिक उदाहरण असो, प्रत्येक वाक्य शेवटी वर चढायचं आणि ठरलेल्या जागी आपटायचं. ‘रामूकडे बारा पेरू होते’ हे वाक्य केरव्यात म्हणणारा वर्ग ऐकून शेजारच्या वर्गातल्या बाईंनी दारातून डोकावून विचारलं, ‘‘गणित चाललंय ना?’’

उपाय असा केला की गाण्याचीच ओळ घ्यायची आणि चाल उतरवून बोलायची. ‘ढगात बसला काळा हत्ती’ हे आधी आश्चर्याने, मग घाबरून, मग शेजाऱ्याला कानात चुगली केल्यासारखं, मग विश्वास न बसल्यासारखं: ढगात? बसला? काळा हत्ती? प्रत्येक वेळी कोणत्या शब्दावर जोर पडला ते ऐकायचं. त्यातून पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह यांना काम मिळालं. हेल पुरता गेला नाही. काहींचा अजून आहे, आणि मला वाटतं त्यांचा तो घरी मोठ्याने पाठांतर करण्याच्या सवयीतून आलेला आहे. सगळं माझ्या केरव्याच्या माथी मारायला मी तयार नाही.

वर्गात एक मुलगा अडखळत बोलणारा होता. एकट्याने वाचायची वेळ आली की पहिल्याच अक्षरावर अडायचा. सगळ्यांबरोबर, ठेक्यावर, तो स्वच्छ वाचायचा. तोतरेपणा असलेली माणसं गाताना किंवा समूहाने म्हणताना बहुधा अडखळत नाहीत, हे वैद्यकात जुनंच माहीत आहे, आणि त्याने तोतरेपणा बरा होतो असं नाही हेही. माझ्यापुरता फायदा इतकाच की त्याला वाचता येतं हे मला कळलं, वर्गाला कळलं, आणि त्याला तर कळलंच. एकट्याने वाचायला मी त्याला भाग पाडलं नाही. त्याने वाचायचं तेव्हा आणखी एक मूल बरोबर वाचेल, असं ठरलं.

आणखी एक मुलगी वर्षभर गायलीच नाही. ओठही हलायचे नाहीत. तिला मी मोजपट्टी दिली. अक्षराखाली टेक द्यायचं काम तिचं, वर्गाने तिच्या टेकीला गायचं. ते काम वाचता आल्याशिवाय करताच येत नाही, आणि ती कधी चुकली नाही. लय वाढवायची का, हे तीच ठरवायला लागली. काही दिवस तर इतकी वाढवायची की वर्ग धापा टाकायचा.

आवाजाची तक्रार आली, येणारच होती. पेन्सिलीने बाक वाजवणं बंद करून बोटांच्या टोकांनी वाजवायचं ठरलं, आणि गाण्याचा भाग छोट्या सुट्टीला लागून घेतला. वर्गप्रमुखांनी ‘पोर्शन’ची चौकशी केली, ती मी फसव्या पट्टीचा खेळ दाखवून निभावली.

खरी मजा आली ती मुलांनी शब्द बदलायला घेतल्यावर. ‘काळा हत्ती’च्या जागी आठ मात्रा बसतील असं काहीही चालेल, अट एकच: पट्टी स्वतः लिहायची. काळा बोका, काळा कोल्हा, लबाड मासा असं चाललं होतं. ‘गोड जिलेबी’वरून वाद झाला, टाळ्या वाजवून पाहिलं आणि ती बसली. मग एक जण पुढे आला आणि त्याने पट्टीवर लिहिलं, ‘मुख्याध्यापक’. वर्गात खसखस पिकली. मी म्हटलं, बसत असेल तर ठेवू. मोजलं: मु दोन, ख्या दोन, ध्या दोन, प आणि क एकेक. बरोबर आठ. ‘ढगात बसला मुख्याध्यापक, सोंडेमध्ये भरले पाणी.’ ताल निर्दोष. दोन जोडाक्षरं असलेला शब्द त्याने न बघता बरोबर लिहिला होता, कारण नेमका शब्द हवा होता आणि चुकला असता तर मजा गेली असती. ती पट्टी आमच्याकडे अजून आहे, फळ्याच्या कडेवर लावत नाही इतकंच.

पाढ्यांच्या बाबतीत मात्र मी अजून चाचपडते आहे. ‘बे एके बे, बे दुणे चार’ ही चालही बाराखडीसारखीच: ‘बे सत्ते?’ विचारलं की मूल पहिल्यापासून धावत येतं. तोडायची युक्ती इथेही चालली. मधूनच सुरुवात करायची, उलट्या क्रमाने म्हणायचं, मी ‘बे सत्ते’ म्हणायचं आणि त्यांनी पुढच्या टाळीला ‘चौदा’ टाकायचं. उत्तरं सुटी यायला लागली. पण अक्षरं जुळली की शब्द कळतो, कारण शब्द मुलाला आधीपासून माहीत असतो. ‘चौदा’ सुटा आला तरी तो सात जोड्यांचा आहे हे त्यात कुठेच ऐकू येत नाही. म्हणून दुसऱ्या सत्रात क्रम बदलला: आधी बिया, दोन-दोनाचे ढीग, मोजणी, तेव्हा ठेका बिलकुल नाही. ढीग मांडून पाढा एकदा स्वतः लिहून काढल्यावरच तो चालीवर म्हणायचा. दोन आणि तीनचे पाढे असे झाले, चारचा चालू आहे. सातचा कधी येईल त्याची घाई मला नाही, वर्गप्रमुखांना आहे.